बिनरंगाची गल्ली

शालन, आधी पोटभर हसून घे. पुढे हसण्यासारखं फार काही नाही.

कंप्युटरवर उपग्रहाचे फोटो नुकते दिसायला लागले होते तेव्हाची गोष्ट. लेकीचा टोरँटोहून फोन आला, "आई, आपली बिल्डिंग वरून दिसते गं, अगदी गच्चीसकट!" दिसते म्हणजे आत्ता दिसते, असं मी धरून चालले. मग काय! रविवारी सकाळी गच्चीवर कुणी परकर वाळत घालायचे नाहीत, असं मी अख्ख्या सोसायटीला बजावून आले. वॉचमनकडून गच्ची झाडून घेतली. ठेवणीतली हिरवी इरकल नेसले आणि लेकीशी ठरलेल्या वेळी टाकीशेजारी उभी राहून आभाळाकडे बघत हात हलवायला लागले. तू टेकडीवरून मला अळू द्यायला आली होतीस. मला शोधत गच्चीत आलीस, मी काय करतेय ते ऐकून घेतलंस, आणि न हसता माझ्या शेजारी उभी राहून तूही हात हलवायला लागलीस. एवढंच म्हणालीस, "मंगले, पदर डोक्यावर घे. वरनं बघणाऱ्याला तुझा विरळ भांगच दिसणार."

लेकीनं नंतर सांगितलं की तो फोटो दोन वर्षांपूर्वीचा होता. आम्ही तोडलेलं जांभळाचं झाड त्यात अजून उभं होतं. आणि ही हात हलवणारी बाई कोण, तर भूगोल शिकवणारी! पोरांना फळ्यावर उपग्रहाची कक्षा काढून दाखवायची, आणि नकाशा काढताना माहेरचं कोकण जरा जाडच काढायची. ती बाई आज मला भेटली तर तिच्या हातातला खडू काढून घेईन.

सोमवारी तू स्टाफरूममध्ये सगळं सांगून टाकलंस. त्यानंतर कितीतरी दिवस मी आत शिरले की सगळ्याजणी छताकडे बघून हात हलवायच्या. तुझ्या अंत्ययात्रेला त्यातली एकजण आली होती. गर्दीतून मला लांबून बघितलं आणि सवयीनं तिचा हात वर गेला. अर्ध्यावरच थांबला. मग ती तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे वळली.

मला मात्र रडूही आलं नाही. तुझ्या घरामागची ती दगडी भिंत भर दुपारी तुझ्यावर पडली, हे वाक्य मी आता कुणालाही न अडखळता सांगू शकते. रिक्षावाल्यालासुद्धा सांगितलं. तुझी नोकरी किती वर्षांची, मुलं किती, ते मी इथे लिहिणार नाही. ते तुमच्या टेकडीवरच्या तरुण मंडळानं फलकावर लावलंय. त्यातला तुझा फोटो तुला मुळीच आवडला नसता, कॉलर नसलेल्या त्या जांभळ्या ब्लाऊजमधला आहे.

मला तुझ्याशी नकाशावरून भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय.

सुरुवात तुझ्या सुनेनं केली. अश्विनी तेव्हा अंधेरीच्या एका ऑफिसात नोकरी करायची. दिवसभर उपग्रहाच्या फोटोवर माउसनं लोकांची घरं गिरवायची. चार कोपऱ्यांवर चार क्लिक, की झालं एक घर. गावंच्या गावं तिनं अशी गिरवली होती. एकदा तिच्या पडद्यावर घाटकोपर आलं, आपलं. डोंगर सरकवत सरकवत ती स्वतःच्या घरापाशी पोचली आणि बघते तर काय, नकाशात तिथं नुसता हिरवा रंग. झाडी. तिनं घरी येऊन हे सांगितल्यावर तू ताटावरून उठलीस. "म्हणजे इतकी वर्षं मी काय झाडावर राहते?"

इंटरनेटवर असाही एक नकाशा असतो, ज्यात कुणीही घरबसल्या भर घालू शकतं, हे तिनंच आपल्याला सांगितलं. दोन रिटायर्ड मास्तरणी, एक लॅपटॉप आणि माझा डायनिंग टेबल. अश्विनी रविवारी शिकवायची आणि आपण आठवडाभर चुकायचो. वरून बघितलं तर तुमची टेकडी म्हणजे निळ्या ताडपत्र्यांची गोधडी. एक छप्पर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, कळायचं नाही. मी गिरवत गिरवत तिघांचं घर एक करून टाकायची. तू ओरडायचीस, "अगं, ही मधली भिंत कुठं गेली? त्या दोघी जावा एकमेकींचं तोंड बघत नाहीत आणि तू त्यांना एका खोलीत घातलंस!"

अश्विनीचा नियम एकच होता. जागेवर जाऊन बघितल्याशिवाय नाव लिहायचं नाही. म्हणून मग आपण हातात फोन घेऊन टेकडी चढायला लागलो. मी तीस वर्षं त्या टेकडीच्या पायथ्याला राहते, शालन. अँडीज कुठे, आल्प्स कुठे, सगळं तोंडपाठ. आणि बुद्धविहाराच्या मागून पाण्याच्या टाकीकडे जायला वाट आहे, हे मला पासष्टी उलटल्यावर कळलं, तेही तू दंड धरून नेलंस म्हणून. पत्र्यांच्या दाटीत फोनमधला निळा ठिपका वेड्यासारखा उड्या मारायचा. "तुझा सॅटेलाईट मला छायाच्या मोरीत बसवतोय," तू म्हणालीस. छाया म्हणजे तुझी शेजारीण, माझी एके काळची विद्यार्थिनी, आता ऑफिसांना चपात्या पुरवते. तुमचं नळावरून रोज भांडण. ती दारातूनच म्हणाली, "बसा की मोरीत. पाणी तेवढं माझं वापरू नका."

त्या दिवसांत मी तुझ्याशी जितकं बोलले तितकं नवऱ्याशी संसारभर बोलले नसेन. हे तुला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, त्यात काय, त्याला ऐकूच कमी येत होतं.

घरं झाली, गल्ल्यांना नावं लागली, आणि मग मला हुक्की आली. मास्तरकी कुठे सुटते! मी अश्विनीला म्हटलं, यात चढ दाखवता येईल का? कारण वरून टेकडी सपाट दिसते. तुमच्या पायऱ्या, तुमचे दुखरे गुडघे, यातलं काही उपग्रहाला दिसत नाही. तिनं एक थर चढवून दिला. जमीन जितकी उभी तितका रंग गडद. पण त्याचे चौकोन एवढे मोठे की एकेका चौकोनात अख्खी गल्ली मावायची. तू चष्मा पुसून बघितलंस. "माझं घर, विहार, नळ आणि छायाशी भांडण, सगळ्याला एकच रंग?"

मग आपण घरोघर गेलो. कुठलं घर कापलेल्या कड्याखाली येतं, कुठल्या भिंतीला भोकं आहेत, त्या भोकांतून पावसाळ्यात पाणी येतं का, स्वच्छ येतं की गढूळ. गढूळ म्हणजे मागची माती सुटतेय. प्रत्येक घराला रंग दिला. हिरवा, पिवळा, लाल. मंडळाची पोरं गेल्या पावसाळ्यापासून तो नकाशा फोनवर उघडून बसायची. जोराचा पाऊस लागला की लाल घरांची दारं ठोठावायची आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना शाळेत आणून बसवायची. तुला किती अभिमान होता त्याचा! बाजारात भाजीवालीलासुद्धा दाखवायचीस.

एवढं सगळं झालं, आणि तुझ्या गल्लीपाशी येऊन तू लॅपटॉप बंद केलास.

तुझ्या गल्लीमागची भिंत सगळ्यात उंच. पोट पुढे आलेली. ते मला दिसत होतं, तुला दिसत होतं, अश्विनीला तर झोपेतही दिसत असेल. मी म्हटलं, "लाल लावते." तू म्हणालीस, "हात लावायचा नाही."

"अगं, पण का?"

"मला सांग, लाल म्हणजे काय?"

"लाल म्हणजे धोका. पोरांना पण कळतं."

"तुझ्यासाठी धोका. ज्याला ही जागा पाहिजे त्याच्यासाठी कारण. उद्या हाच नकाशा आमच्यापुढं टाकतील. बघा, तुमच्याच बायांनी लिहिलंय, राहण्यालायक नाही. उचला गाठोडी."

"आणि भिंत पडली तर?"

"पडायची तेव्हा पडंल. गाठोडं आजच उचलावं लागंल. आणि नेऊन टाकतील कुठं? जिथनं छायाला चपात्यांचे डबे घेऊन यायला अर्धा दिवस लागंल तिथं. तुझं काय जातंय गं रंग लावायला? तू पायथ्याला."

ते शेवटचं लागलं मला. मी दोन दिवस फोन केला नाही. तू पण नाही केलास. मग तू विहाराच्या ओट्यावर गल्लीची बैठक बोलावलीस आणि मला त्यांच्यासमोर उभं केलंस. म्हणालीस, "आता यांना सांग." मी सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि सगळे नाही म्हणाले. छाया सगळ्यात मोठ्यानं. "बाई, शाळेत माझ्या वहीवर लाल पेन चालवलंत ते बास झालं की!" लोक हसले. मी पण हसले. शालन, मी हसले, हे मला आता फार आठवतं.

तुमची गल्ली बिनरंगाची राहिली. नकाशात रंग नसलेली जागा राखाडी दिसते, आणि रंगांच्या सूचीत राखाडीपुढे काहीतरी लिहावं लागतं. मी टाईप केलं, माहिती उपलब्ध नाही. तू मान डोलावलीस. अश्विनी आपल्या मागे उभी होती, ती टेबलावरचे कप उचलून आत गेली. ती घरची सून होती आणि त्या नकाशाची गुरू. त्या क्षणी तिनं सून व्हायचं ठरवलं.

माहिती होती गं. आपल्या दोघींना होती.

त्या दुपारी, भिंत पडायच्या जरा आधी, तू फोन केलास. पाऊस धो धो कोसळत होता, पत्र्यावरचा आवाज मला फोनमधून ऐकू येत होता. भिंतीबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस, आणि मीही विचारलं नाही. "सुकट भाजू का?" तू विचारलंस. "तुझा श्रावण आहे ना, वास खाली यायचा नाहीतर." मी म्हटलं, "भाज मेले, वासावरच उपास सोडीन." तू हसलीस. सुकटीच्या चटणीत खोबरं घालायचं की शेंगदाण्याचा कूट, यावर आपण नेहमीसारख्या तणतणलो. कूट घालणाऱ्या लोकांना समुद्र कळत नाही, असं मी म्हणाले. तू म्हणालीस, "ठेव फोन, कढई तापलीय."

मंडळाची पोरं त्या दिवशीही निघाली होती. लाल घरं एकेक करून रिकामी केली. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आली, फोनमध्ये बघितलं आणि पुढे गेली. राखाडी होती ना. त्यांच्यातला एकजण मला हे सांगताना माझ्या पायांकडे बघत होता. ते आत आले असते तर तू त्यांच्याबरोबर निघाली असतीस, असं मी म्हणत नाही. तू त्यांना चहा पाजून परत पाठवलं असतंस, हेच जास्त खरं. पण दार वाजलं असतं. तू स्वयंपाकघरातून उठून पुढच्या दारापाशी आली असतीस. भिंत मागच्या बाजूला पडली. यापुढे माझं डोकं चालत नाही. तिथंच फिरतं.

छाया वाचली, कारण ती डबे द्यायला गेली होती. तुझा मुलगा आणि अश्विनी कामावर होते. ते दोघं आता माझ्याकडे आहेत.

जलदानविधी झाला. मी पांढरी साडी नेसून पुढे बसले होते. त्रिशरण मला अजून अर्धंच येतं, बाकी अर्धं मी तुझ्याकडे बघून ओठ हलवायची. या वेळी बघायला कुणी नव्हतं. नुसतेच ओठ हलवले. कुणाला कळलं नसेल. तुला कळलं असतं, आणि तू कोपरानं ढोसलं असतंस.

दुसऱ्या दिवशी अश्विनीनं डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला. तुझं घर नकाशातून काढायचं होतं. मी म्हटलं, "राहू दे की गं. कुणाचं काय जातंय?" ती म्हणाली, "मावशी, जे जमिनीवर नाही ते नकाशात ठेवायचं नाही. आईंना पण मी हेच शिकवलंय." चार कोपऱ्यांची ती चौकट तिनं निवडली. हजारो अनोळखी घरं गिरवलेला तिचा हात स्वतःच्या घरावर मात्र बराच वेळ तसाच थांबला. मग तिनं बटण दाबलं. चौकट गेली. खालचा फोटो जुना, त्यात तुझी ताडपत्री तशीच, कडेनं दगड ठेवलेली. अश्विनीनं पडदा खाली केला आणि आत जाऊन पंख्याचा वेग वाढवला, म्हणजे आवाज बाहेर येऊ नये.

भिंत अर्धी पडलीय, शालन. अर्धी उभी आहे. छायाच्या घरामागे. पाऊस अजून महिनाभर आहे.

तुमच्या गल्लीतली माणसं आपल्याच शाळेत आहेत, पाचवी 'ब'च्या वर्गात. चौथ्या दिवसापासून त्यांची चुळबुळ सुरू झाली. घरात भांडीकुंडी आहेत, गॅस आहे, कुणाचं शिवणाचं मशीन आहे. परत जायचं म्हणतात. मी तिथं गेले तेव्हा छाया व्हरांड्यात बसून कणीक तिंबत होती. मी तिच्यासमोर खाली बसले, म्हणजे बसताना दोन जणींना धरावं लागलं. म्हटलं, "छाया, मी गल्ली लाल करणारेय."

तिचे हात थांबले नाहीत. "शालनबाई नाही म्हणाल्या होत्या."

"हो."

"बैठकीत सगळे नाही म्हणाले होते."

"हो."

"मग मेलेल्या माणसाचा शब्द मोडणार तुम्ही?"

"हो गं," मी म्हटलं.

ती कणकेकडे बघत म्हणाली, "तुम्ही उठा, बाई. इथं ओलं आहे."

मी घरी येऊन रंग लावला. एकेका घराला, सावकाश. तुझ्या जागेला रंग लावायला काही उरलं नव्हतं. सूचीतली राखाडीपुढची ती ओळ पुसली. संध्याकाळपर्यंत मंडळाच्या पोरांनी ते फोनवर बघितलं आणि गल्लीच्या तोंडाशी दोर बांधला. कुणाला आत सोडत नाहीत.

यात मी जिंकले असं समजू नकोस. तुझं म्हणणं खोटं ठरलेलं नाही. उद्या कुणी माझाच नकाशा पुढे करून या सगळ्यांना त्या अर्ध्या दिवसाच्या अंतरावर नेऊन टाकील, आणि मी पायथ्याला बसून बघत राहीन. तुझी भीती बरोबर होती आणि भिंतही पडली. दोन्ही खरं. तू असतीस तर यावर काहीतरी तिखट बोलली असतीस आणि मला निदान राग तरी आला असता. आता मी बोलते आणि पुढून काहीच येत नाही. म्हणून लिहायला बसले. माफी मागत नाही. तू माफी मागणाऱ्या माणसांवर फार वैतागायचीस. पण ती टेकडी तू मला दाखवलीस. आंधळ्या माणसाला नेतात तशी दंड धरून, प्रत्येक पायरीला 'जपून' म्हणत. तेवढं माझ्याकडे राहिलंय.

आज सकाळी बेल वाजली. दारात छाया होती, डब्यांची पिशवी खांद्याला, हातात फोन. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती. मी म्हटलं, आत ये. आली नाही. फोन माझ्यापुढे धरला. तिची गल्ली, लालभडक. तिनं दोन बोटांनी नकाशा लहान केला, मग अजून लहान. टेकडी दिसेनाशी झाली, मग घाटकोपर, मग सगळी मुंबई एका बोटाएवढी झाली. मग ती म्हणाली,

"बाई, लाल केलंत ते बरं केलंत. आता आम्ही जायचं कुठं, तेवढं दाखवा यात."